तीन बोटांची सुरी

चारकोप, ४ जून २०२४

ती. सुनंदाताईस,
शिवदासचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहितोय याचं नवल वाटेल. आमचं घर एका खोलीचं, फोनवर काही बोललो की सुयोगला ऐकू जातं, आणि हे त्याच्याबद्दलच आहे. उत्तर माझ्या कंपनीच्या पत्त्यावर पाठव.

फेब्रुवारीत हॉटेलातल्या कणीक मळायच्या मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, एवढं तुला माहीत आहे. जखम भरली. पण तो भिंतीकडे तोंड करून पडून असतो. मनाच्या डॉक्टरकडे नेलं, गोळ्या घेतो आणि झोपतो. सुरी चालवूनच ज्याचं पोट आणि नाव, तो माझा पोरगा म्हणतो की मी फुटकं भांडं आहे, भंगारात घाला. मागच्या पंधरवड्यात चंपा दळण घेऊन घरी आली तेव्हा तो ओट्यापाशी बसला होता. डाव्या हातात सुरी, धार उजव्या मनगटावर टेकवलेली. कापलं नव्हतं. धार बघत होतो, म्हणाला. तेव्हापासून घरातल्या सुऱ्या आणि विळी माझ्या कंपनीतल्या कपाटात आहेत. चंपा भाजी चिरायला शेजारच्या नीलमकडे जाते.

आता माझा वेडेपणा ऐक. मरोळला यज्ञेश म्हणून एक जण आहे, तो हॉटेलातल्या आचाऱ्यांना ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाने सुरी बनवून देतो. अपघाताआधी सुयोग म्हणायचा की एक दिवस त्याच्याकडची घेईन. मला वाटतं, तीन बोटांत बसेल अशी एक त्याच्यासाठी करून घ्यावी. चंपा म्हणते की ज्या पोरापासून सुऱ्या लपवता त्यालाच नवी करून देणार, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का. तिचं बरोबर वाटतं. मग त्याचा हात बघतो, तर माझंही बरोबर वाटतं.

तू देवळात कौल लावून घे. देव सांगेल तसं करीन.

माया आहेच, या दिवसांत ती थोडी जास्त असू दे.
तुझा शिवदास

कुडाळ, १२ जून २०२४

चि. शिवदासास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अक्षर अजून चौथीतलंच आहे, गुरुजी बघते तर परत लिहून घेते.

सोमवारी देवळात गेले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या लावल्या. डावीकडची पडली. म्हणजे नको. परत लाव म्हटलं तर गुरव माझ्यावरच डाफरला की देवाक काय बहिरो समजतंस. तरी लावली. परत डावी.

तेव्हा सुरीचा नाद सोड. पोराला इकडे पाठव, इथे माझ्याशी भांडायला कोणी उरलं नाही. आणि चंपाला सांग, भोपळा घेऊन लोकांच्या दारात हिंडतेस त्यापेक्षा नीलमला खरं काय ते सांगून टाक. शेजारीण आहे, तिच्या नजरेतून काय सुटतं.

मुलाला जप. स्वतःलाही.
तुझी ताई

चारकोप, २१ जून २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. देवळातला शब्द मी आजवर मोडला नाही. लग्नसुद्धा कौल घेऊनच ठरलं, त्यावरून चंपा अजून टोमणे मारते. पण आता थांबवत नाही गं.

रविवारी सुयोगने आपले चांगले कपडे काढले, घड्या घातल्या आणि आईला सांगितलं की हे केतनला दे, त्याला होतील. केतन त्याचा मित्र. चंपा त्या घड्या मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसली होती.

मी यज्ञेशला फोन केला. तो म्हणाला, माणसाला आणा, हात बघितल्याशिवाय सुरी होत नाही. सुयोग तर दाराबाहेर पडत नाही. आणि खरं सांगितलं तर अशा घरात सुरी कोण देईल? म्हणून मी माझ्याच उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं, सुयोगची गेली तीच, दुमडून पट्टीने आवळली आणि मरोळला गेलो. बोटं निकामी झालीत, खानावळ चालवतो, सुरी मलाच हवी, असं सांगितलं. कपाळाला गंध आणि तोंडाने धडधडीत खोटं. त्याने मातीचा गोळा मुठीत दाबायला लावून माप घेतलं. मग कांदा चिरून दाखवायला सांगितला आणि हसत म्हणाला की काका, तुमची गिऱ्हाइकं उपाशीच मरणार.

देव नको म्हणाला ते करतोय. रागवायचं तर माझ्यावर रागव, एवढं त्याला सांग.

तुझा आशीर्वाद मागे घेऊ नकोस.
शिवदास

कुडाळ, २८ जून २०२४

चि. शिवदासास,
आशीर्वाद.

त्या कपड्यांचं वाचून घास उतरला नाही. कर तू. देवाकडे मी बघते. नारळ ठेवलाय आणि सांगून आलेय की भाऊ मूर्ख आहे, पण माझा आहे. सुरी दिल्यावर मात्र पोराला क्षणभर एकटं सोडू नकोस.

काय होईल ते लगेच कळव. पोस्टमनची वाट बघून डोळे दुखतात.
ताई

मरोळ, १४ जुलै २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे यज्ञेशच्या गाळ्याबाहेर स्टुलावर बसून लिहितोय.

काल परत पट्टी बांधून सुरी घेऊन आलो. आज सकाळी सुयोगपुढे ठेवली. सुरी कुणाच्या हातात देऊ नये म्हणतात, म्हणून पाटावर ठेवली. चंपा दाराला पाठ लावून उभी राहिली. त्याने खूप वेळ नुसती बघितली, मग उचलली. मला देवाचं नाव घ्यायचं तेही आठवेना.

त्याने ती मुठीत धरली, सोडली, परत धरली, आणि भडकला. मुठीला एक खोबण होती, दुमडलेली दोन बोटं टेकायला. माझी बोटं दुमडलेली होती, ताई. त्याची तर नाहीतच. बाप असून हे मला सुचलं नाही. तो ओरडला की या खड्ड्यात मी काय घालू, कुठल्या गाढवाच्या हाताचं माप आहे हे.

मी हात पुढे केला. पट्टीचे वळ होते. त्याने माझी दोन बोटं दुमडून खोबणीत बसवली, तर बरोबर बसली. कितीतरी वेळ तो माझा हात तसाच धरून होता. मग म्हणाला की बाबा, तुमची पार वाट लागलीय. पातं झकास आहे, मूठ फुकट घालवलीत, त्या माणसाशी मला बोलायचंय. आणि चपला शोधायला लागला.

रिक्षात तो शेजारी, सुरी कागदात गुंडाळून त्याच्या मांडीवर. सिग्नलला थांबलो की मागून घ्यावी म्हणून माझा हात पुढे जायचा. मागितली नाही.

आता दोघे आत भांडताहेत. यज्ञेश म्हणतोय की तुझा बाप एक नंबरचा खोटारडा आहे. सुयोग म्हणतोय की ते माझं मी बघीन, आधी माझा हात बघ. मला आत बोलावलेलं नाही. घरी जाताना ती सुरी त्याच्याजवळच असेल आणि मी शेजारी बसलेला असेन. पुढचं मला माहीत नाही.

लोभ कर, आणि आज आमच्यासाठी दिवा जरा जास्त वेळ तेवू दे.
तुझा शिवदास