मामांच्या मोबाईलची साफसफाई

३ जानेवारी, न्हावरे
आजपासून रोज लिहायचं. शिरूरच्या कंपनीत टिकलो नाही, दौंडच्या गॅरेजात टिकलो नाही, वहीत टिकणार.
म्हस्कूमामांना वाचता येत नाही. मोबाईल टिंग वाजला की उसातून पळत माझ्याकडं. नवनाथ, बघ रं, तोडीचा मेसेज हाय का? कारखाना ऊसतोडीची तारीख मेसेजनं कळवतो. होकार दिला नाही की टोळी पुढच्या रानात. आज अकरा वेळा पळाले. निघालं काय? रमी, लोन, शिक्रापूरला प्लॉट, टक्कल, परत टक्कल. मामा म्हणाले, माझं टक्कल ह्यांना दिसलं कुठनं?
ठरलं. स्पॅम संपवायचा. ऊस गेला की मामांची जुनी मोटरसायकल माझी, तसा शब्दच हाय. कोकण, गोवा, पुढं बघू.

४ जानेवारी
दौंडला गेलो. महेंद्र मोबाईल रिपेअर करतो, त्याच्याकडून सेटिंग शिकायची. स्टेशनात जरा टेकलो. गाड्या कुठनं कुठनं येतात! एका मालगाडीला अठ्ठावन्न डबे. महेंद्रकडं जायचं राहिलं.

५ जानेवारी
महेंद्रची गरजच नव्हती. नियम मीच शोधला. नंबराच्या जागी इंग्रजी अक्षरं दिसली की तो चोर. सगळे ब्लॉक. सराव म्हणून आधी माझ्या फोनवर, मग मामांच्या. दहा मिनिटांत काम. कंपनीनं माणूस ओळखला नाही.

७ जानेवारी
टिंग नाही. मामा पळाले नाहीत. धुरपदामामी म्हणाल्या, ह्यांच्या गुडघ्याची सूज उतरली बघ. भाकरीवर लोणी जास्त.
ब्लॉकच्या यादीत डोकावलो. चौसष्ट चोर! एक चिकट तर तीनदा येऊन गेलेला. उघडलाच नाही. चोराला तोंड द्यायचं नसतं.

९ जानेवारी
बांधापलीकडं चांगदेवआप्पांच्या रानात टोळी आली. आप्पांचा नंबर आमच्या मागं होता! मामा म्हणाले, असं कसं? मी म्हटलं, वशिला. कारखान्याला कडक अर्ज लिहायला घेतला. समासात मोटरसायकल काढली. चांगली आली.

१० जानेवारी
मामा कारखान्याच्या गट ऑफिसात जाऊन आले. मेसेज तीनदा पाठवला म्हणे. मामा सरळ उसात गेले. मामी बोलल्या. उसाला तुरा आलाय, वजन घटतंय, आन् तू चोर पकड.
पण मेसेज इंग्रजी नावानं पाठवायचा कशाला?

१३ जानेवारी, गट ऑफिस
बाकावर तिसरा दिवस. मामांचा हुकूम, तारीख मिळाल्याबिगर उठायचं न्हाई. माझ्यासारख्याला बाक!
दुपारी मामा आले. साहेबांनी वीस तारीख काढली. म्हणाले, मेसेज पाठवतो, त्यातला आकडा सांगा, मग नोंद करतो. ह्या खेपेला मी माझा नंबर दिला. म्हटलं, मामा, जबाबदारी माझी.
साहेबांनी पाठवला. फोन गप्प. परत पाठवला. मी फोन झटकला, खिडकीबाहेर धरला. तिसऱ्यांदा. गप्प. साहेब म्हणाले, रेंज तर फुल्ल दिसतीय.
म्हटलं, फोनच जुना.
उसाच्या वजनाची पावती न्यायला चांगदेवआप्पा आलेले, मामांनी त्यांचा नंबर दिला. लगेच टिंग. आकडा मिळाला, नोंद झाली. मामांनी मोटरसायकलला किक मारली आन् आप्पांना मागं घेतलं.
मी चालत निघालो. ओढ्यापाशी आठवलं, सराव आधी कुणाच्या फोनवर केला होता.