चुलीचे दगड पालथे होते

सुनीच्या आज्या,

तू गेलास तेव्हा तुझ्याशी एक भांडण राहून गेलं, ते आज लिहून काढते. प्रौढ वर्गातली अक्षरं आहेत, वेडीवाकडी दिसतील. तुला तरी कुठं वाचता येत होतं!

आपली नात सुनी आता खालच्या गावच्या शाळेत बाई आहे. कातकऱ्याची पोर बाई झाली म्हणून वाडीनं पेढे वाटले, गावानं खाल्ले. परवा वर्गात गावाच्या माहितीचा धडा होता. एका मुलीनं आपल्या वाडीचं विचारलं, वरची वाडी जळाली कशी? सुनी म्हणाली, जळाली नाही, जाळली. तो माळ गावाला गुरांसाठी हवा होता.

दुसऱ्या दिवशी गाव शाळेत हजर. मोठ्या गुरुजींनी सुनीला बजावलं, सोमवारी पोरांना सांग, माझं चुकलं म्हणून. तिची नोकरी अजून कायम नाही. आणि गावाचा साक्षीदार कोण, ठाऊक आहे? तू.

लावणीला आपल्याला बोलवायचा तो म्हातारा तिला म्हणाला, "तुझा आजाच बोललेला पंचांसमोर, चूल पेटती ऱ्हायली म्हणून. आमी नाय बोललो."

घरी येऊन पोर चप्पल न काढता उभी राहिली. "आजे, आजा असा बोललेला?"

काय सांगू? व्हय म्हटलं.

अरे, कुठली पेटती चूल? अख्खी वाडी रोह्याकडं कोळशाच्या भट्टीवर होती. भट्टीला जाताना आपण चुलीत पाणी ओततो, तिन्ही दगड पालथे घालतो, मग दाराला काट्या लावतो. रिकाम्या घरात चूल उभी ठेवायची नाही, ही आपली रीत. तूच पालथे घातलेस ना? परतलो तेव्हा कूड नव्हता, छप्पर नव्हतं. राखेत दगड तसेच पालथे. तू ते उभे केलेस, मी त्यावर पेज शिजवली. पेज पिऊन तू पंचांकडं गेलास आणि म्हणालास, चूल राहिली.

का बोललास ते मला कळतं. पाऊस तोंडावर आला होता, लावणीला त्यांच्याच शेतात वाकायचं होतं. आपला बबन रांगत होता. लावणी मिळाली, पोर जगलं, त्याचीच ही सुनी. तेवढं तुझ्या बाजूनं. पण म्हातारपणी तरी तोंड उघडायचं होतंस! सगळं माझ्यावर का टाकलंस? गुडघे गेलेत माझे, आणि आता हा उतार उतरायला लावतोस.

सुनी म्हणते, मागते माफी, रोज कोण भांडेल? दमलीय ती. मी काय कमी दमले?

तरी सोमवारी मी तिच्याबरोबर शाळेत जाणार. पोरांना दगडांचं सांगेन. माझा नवरा खोटं बोलला हे सांगेन, आणि का बोलला तेही. तुझी अब्रू झाकणार नाही, पण अर्धवटही सांगणार नाही.

तू मधे काही बोलू नको. एकदा बोललास तेवढं पुरे झालं.

चांगुणा