पेटाऱ्यावरच्या पाटीबाबत बोर्गहिल्ड त्वेतेनची शेवटची इच्छा

मी, बोर्गहिल्ड त्वेतेन, कै. आर्विड त्वेतेन यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याऐंशी, राहणार फर्नहेवन, वॉशिंग्टन राज्य, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे. डोकं ठिकाणावर आहे. शंका असल्यास मला कोणाच्याही हातची कॉफी पाजून मत विचारावं.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक मुलगी मारित हिला द्यावी. आर्विडची मासेमारीची होडी जावईबापूंनी माझ्या हयातीतच बुडवल्याने तिच्या वाटणीचा प्रश्न उरलेला नाही.

२. माझ्या आजीने नॉर्वेहून आणलेला, फुलं रंगवलेला लाकडी पेटारा विद्यापीठाच्या स्कॅन्डिनेव्हियन केंद्रात उसना ठेवला आहे. तो आता केंद्राला कायमचा द्यावा. मारितला विचारलं तर म्हणाली, "आई, तो माझ्या फ्लॅटमध्ये आणलास तर मला जिन्यात झोपावं लागेल."

या दानाला अट आहे, आणि तिचं कारण सांगणं भाग आहे. केंद्रातल्या प्रदर्शनाचं काम इंगेगेर्ड लिंडवालकडे होतं. तिचे आजोबा स्वीडनचे. तिने पाटी लावली, 'स्वीडिश पेटारा'. मी जाब विचारला तर म्हणते, "अगं, फुलं बघ ना. इतकी नीटनेटकी फुलं तुमच्याकडे कोण काढतं?" मी पाटी काढायची, ती परत लावायची; पाटीवरच्या भांडणाखेरीज आमचं बोलणं बंद. शेवटी नव्या संचालकांनी स्वतःच 'नॉर्डिक पेटारा' अशी पाटी लावली. त्या दिवशी इंगेगेर्ड आणि मी प्रथमच एकत्र त्यांच्या खोलीत गेलो.

"पण दोघींचाही मान राहिला ना?" संचालक म्हणाले.

"साहेब, दोघींचाही गेला," इंगेगेर्ड म्हणाली.

पाटी निघाली. आमचा अबोला मात्र तसाच राहिला.

पुढे आर्विड गेला. दफनानंतरचं जेवण केंद्रातच ठरलं होतं, पण माझे हात चालेनात. इंगेगेर्ड न बोलावता आली, ऍप्रन बांधला आणि दिवसभर लेफ्से, म्हणजे आमच्या बटाट्याच्या पोळ्या, लाटत राहिली. त्या चामड्यासारख्या जाड झाल्या. मी कोणाला नावं ठेवू दिली नाहीत. भांडी घासताना ती म्हणाली, "पेटारा नॉर्वेचाच आहे गं. मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

"मग?"

"तू भांडायला तरी यायचीस."

सबब पाटीवर आजीचं नाव, तिचं गाव आणि 'नॉर्वे' लिहावं. खाली बारीक अक्षरांत लिहावं: 'फुलांबद्दल मतभेद आहेत.'

३. माझा मोठा गोल तवा इंगेगेर्डला द्यावा, असं लिहिलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. इंगेगेर्ड शेजारीच बसली होती.

"मग तवा खोड," ती म्हणाली. "तो तापवायला तू नसलीस तर मी त्याचं काय करू? सही मी करते."

म्हणून तवा केंद्राच्या स्वयंपाकघराला द्यावा.

हे सर्व मी वाचून, समजून सही केली आहे.

बोर्गहिल्ड त्वेतेन

साक्षीदार:
१. इंगेगेर्ड लिंडवाल
२. रोझलिन पार्क, वकीलबाईंच्या कार्यालयातून

फर्नहेवन, १७ ऑक्टोबर २०१९

टीप: पहिल्या साक्षीदाराची सही पाणी पडून फिसकटली आहे. सर्दी झाली आहे, असं तिचं म्हणणं आहे. तसंच धरून चालावं.