वाटणीत गेलेली मेमरी

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे सध्या कागदावरच). तुझं बीपी आणि वहिनींची कंबर आपापल्या जागी असतील, अशी आशा करतो. पत्र हाताने लिहितोय, कारण कॉम्प्युटर सकाळपासून उघडतोय.

नाना आईबद्दल लिहिताहेत. चाळीस पानं झाली. जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांची वाक्यं खिळ्याला खिळा लावून जुळवली, आता स्वतःची जुळवताहेत. पण फाइल उघडेपर्यंत सुचलेलं वाक्य विसरतात आणि मीच ते गिळल्यासारखं माझ्याकडे बघतात. नवा कॉम्प्युटर घे, म्हणशील. शेजाऱ्यांच्या नव्यावर फाइल उघडून पाहिली. नानांचा जुना फॉन्ट त्याला कळेना. पानभर नुसते चौकोन आणि फुल्या. नाना म्हणाले, "ही तुझी आई नाही." आणि चष्मा काढून ठेवला.

म्हणून आहे त्याचीच मेमरी वाढवायची ठरवली. मी आतली मेमरीची पट्टी मोजून, तेवढ्याच लांबीची घेऊन आलो (पडद्यांचं कापड आणताना ही पद्धत चालते). लांबी तंतोतंत, पण खाच दोन रेघा पलीकडे. म्हणे नव्या पिढीची आहे. मी जोर लावला. तिने नव्या पिढीसारखीच दाद दिली नाही. दुसरी आणली, ती बसली, पण कॉम्प्युटर तीनदा किंचाळून गप्प झाला. शेवटी अख्खा डबा उचलून दुकानात नेला. दुकानदाराने झाकण काढून आत डोकावलं.

"काका, या जोडीने बसवलेल्या असतात. हिची जुळी कुठंय?"

"वेगळी राहते," मी म्हणालो.

तुला आठवत असेल, वाटणीच्या कागदात वकिलाने 'घरातील सर्व चल वस्तू समसमान' असं लिहिलं होतं. कॉम्प्युटर एक, भाऊ दोन. तू शांतपणे स्क्रू काढलेस, दोनातली एक पट्टी उपटलीस आणि रुमालात गुंडाळून निघून गेलास. (मी तरी कुठला साधू! तुझ्या वाट्याच्या टीव्हीचा रिमोट अजून माझ्याकडेच आहे.) अर्ध्यात भागेल, असं वाटलं होतं. अकरा वर्षं भागवलं. ती जात आता बनत नाही, असं दुकानदार म्हणतो. त्याने पट्ट्यांबद्दलच म्हटलं असावं.

डॉक्टर हल्ली नानांना पथ्य सांगत नाहीत. हवं ते खाऊ द्या, म्हणतात. मला ते वाक्य आवडलं नाही.

बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या वाट्याची पट्टी शोध. तुला काही फेकवत नाही, त्यामुळे असेलच.

ता. क. २. पोस्टाने पाठवू नकोस. वाटेत झटका बसून ती मरते, असं दुकानदार म्हणाला. (तो असं काही म्हणाला नाही.)

ता. क. ३. आत्ता फाइल उघडली. नानांना वाक्य आठवतंय, म्हणून घाईत आटपतो. पट्टी हरवली असली तरी ये, असं लिहायला त्यांनी सांगितलंय. मी लिहिणार नव्हतो, पण ते मागे उभे राहून मुद्रितं तपासताहेत.