सात विषम दंड आणि एक पिशवी

॥ स्वस्ति श्री ॥

गोंदियामंडलभूषण (स्वघोषित), दवनीवाडाक्षेत्रस्थ नवछिद्र-क्रीडांगणाचा आद्य संस्थापक, कंदुकताडनविशारद, विषमलोहदंडधर, सप्तदंडाधिपती, संस्कृताध्यापक मी, देवचंद बकाराम टेंभरे, वय वर्षे पंचावन्न, राहणार फुलचूर, तालुका व जिल्हा गोंदिया, याद्वारे घोषित करतो की माझे चित्त स्थिर, बुद्धी शाबूत आणि रक्तदाब औषधाधीन आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नसून निव्वळ वैतागून लिहीत आहे. यापूर्वीची माझी तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती तिन्ही गोल्फच्या काठ्यांपाशी येऊन अडली होती.

कलम १. फुलचूर येथील राहते घर माझी धर्मपत्नी सौ. जमुना हिला मिळावे. दक्षिणेकडील खिडकीची काच माझ्याच चुकलेल्या फटक्याने फुटली, वाऱ्याने नव्हे, हे मी येथे प्रथमच मान्य करतो. ती काच तिने बसवून घ्यावी.

कलम २. भविष्य निर्वाह निधी पत्नी व पुत्र चि. राहुल यांना समसमान मिळावा. पुणेनिवासी राहुलला मी पहिल्या मृत्युपत्रात गोल्फचे दंडही देऊ केले होते. तो दूरध्वनीवर म्हणाला, “बाबा, मी डावरा आहे.” सव्वीस वर्षे पितृत्व भोगूनही ही बाब माझ्या ध्यानातून निसटली होती. दंड उजव्या हाताचे आहेत.

कलम ३. ग्रंथसंग्रह माझे सहकारी व स्नेही श्री. भोजराज रामटेके यांना देण्याचा मानस होता. परंतु ते या पत्राचे साक्षीदार असल्याने त्यांना काही देणे कायद्यास मानवत नाही. हे ऐकून त्यांच्या मुद्रेवर जी प्रसन्नता पसरली, तिची मी नोंद घेतली आहे. ग्रंथ शाळेस द्यावेत.

कलम ४. आता दंडसंच. आमच्या घरी पूर्वी भाड्याने राहणारे एक अभियंते धान कापून झालेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे रिकाम्या खाचरांत, चेंडू मारीत असत. मला आणि माझा कनिष्ठ बंधू धर्मेंद्र याला ते व्यसन त्यांच्यापासूनच जडले. २०१४ साली संच घेण्यासाठी आम्ही नागपुरास गेलो. कुटुंब एकत्र होते. सबब संच एकच घ्यावयाचा होता. माझी उंची पाच फूट दोन इंच, धर्मेंद्रची सहा फूट. दुकानदाराने दोघांच्या मनगटापासून जमिनीपर्यंत फीत धरली आणि हताश स्वरात विचारले, “भैया, दोनों के लिए एकही सेट?” सोबत आमचे मामा केवळराम होते. त्यांनी निवाडा दिला, “दोघायचा मध्य काढा अना बांधा.”

मध्य निघाला पाच फूट सात इंच. त्या उंचीचा मनुष्य आमच्या कुळात तेव्हा नव्हता. पुढील पाच वर्षे मी शेताच्या उंच धुऱ्यावर उभा राहून आणि धर्मेंद्र कमरेत वाकून खेळला. माझा खांदा आणि त्याची पाठ यांचे दायित्व मामांकडे आहे.

कलम ५. २०१९ साली धर्मेंद्रने दवनीवाड्याच्या आमच्या शेतातील क्रीडांगणाच्या चौथ्या छिद्रावर, मला न विचारता, उन्हाळी धान लावले. त्यातून शब्दाला शब्द लागला आणि वाटणी झाली. वाटणीसही मामाच बसले. चौदा दंड, दोन भाऊ. मामांनी क्रमांक वाचले आणि भांडी वाटावीत तसे सम धाकट्याला, विषम थोरल्याला देऊन टाकले. ज्यांवर क्रमांक नव्हते ते एक याला, एक त्याला. परिणामी चेंडू दूर धाडणारा जाड डोक्याचा मुख्य दंड माझ्याकडे आला आणि तो छिद्रात ढकलणारा चपटा दंड त्याच्याकडे गेला. सहा वर्षे मी तीन क्रमांकाच्या लोहदंडाने चेंडू छिद्रात ढकलीत आहे. पिशवी त्याला मिळाली. पिशवीची पावसाळी खोळ मला. तेव्हापासून आम्हा बंधूंमध्ये संभाषण नाही.

कलम ६. धर्मेंद्रची कन्या चि. पुष्पांजली, वय एकोणीस, हिची उंची गतवर्षी पाच फूट सात इंच भरली. अर्थात २०१४ साली आम्ही निवडलेला संच अचूक होता. तो निवडला कोणासाठी, एवढेच आम्हास ठाऊक नव्हते. ती उत्तम खेळते. हे मी काका म्हणून नव्हे, तर पराभूत म्हणून सांगतो. दर रविवारी ती माझे सात दंड धानाच्या पोत्यात घालून नेते व सायंकाळी परत आणते, कारण माझे विषम दंड त्या पिशवीत जाणार नाहीत असे मी जाहीर केले होते, आणि तिच्या पित्याने ते येऊ देणार नाही असे. सबब हे सातही दंड माझ्या पश्चात तिला मिळावेत असे मी या कलमात लिहिले.

कलम ७. मसुदा मी गेल्या रविवारी तिला अभिमानाने वाचावयास दिला. तिने तो उभ्यानेच वाचला.

“मोठे बाबा, नागपूरची निवड चाचणी आठ फेब्रुवारीले हाये. तुमी तवरी मरता का?”

“तसा संकल्प नाही,” मी म्हणालो.

“मंग ह्या कागदाचा का करू मी? तेथ सारे पिशव्या घेऊन येतेत. मी पोतं घेऊन जाऊ का? पोट्ट्या हासतीन न!”

मी शेजारी बसलेल्या भोजराजांकडे पाहिले. ते म्हणाले, “सर, आताच देऊन टाका. पण मग ते मृत्युपत्रात राहत नाही. तुमच्या कलम सहात उरतं काय?”

काहीही उरत नाही. माझ्या या चौथ्या मृत्युपत्राचे एकमेव प्रयोजन मी आज सकाळी स्वहस्ते संपुष्टात आणले आहे. कलम ६ रद्द.

कलम ८. भावी पिढीस निर्देश: संच घेताना मनगटापासून जमिनीपर्यंत मोजावे. मामांस सोबत नेऊ नये.

वरील मजकूर मी वाचून, समजून, अनेकदा सुस्कारा टाकून स्वाक्षरित केला आहे.

स्थळ: फुलचूर, गोंदिया
दिनांक: १ फेब्रुवारी २०२६

(सही) देवचंद बकाराम टेंभरे

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष मी व माझ्यासमक्ष ज्यांनी सही केली:
१. (सही) भोजराज तुळशीराम रामटेके
२. (सही) सौ. अल्का अतुल उके (टंकलेखन यांचेच, काठ्यांची हकीकत गाळण्याची यांची सूचना फेटाळली)

ता. क. आज सकाळी पुष्पांजली आत आली, ती पिशवी घेऊन. पिशवीत सहा वर्षांनी सम दंड पाहिले. माझे सात मी स्वतः त्यांत रोवले. धर्मेंद्र फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसून होता. इंजिन चालूच होते. तेथूनच त्याने हाक दिली.

“दादा, खोळ पन दे न.”

मी खोळ नेऊन दिली. ती पिशवीस बसेना. चार दाबगुंड्यांपैकी (प्रत्येकीचा अर्धा भाग पिशवीवर, अर्धा खोळीवर) दोन लागत नाहीत. मी म्हणालो, पिशवीच्या तुटल्या आहेत. तो म्हणाला, “खोळीच्या तुटल्या. तुयाकडंच होती.” ही चर्चा वीस मिनिटे चालली, मध्ये कधीतरी त्याने इंजिन बंद केले आणि जमुनाने दोघांना चहा दिला. निर्णय लागला नाही. गुंड्या पिशवीच्याच तुटल्या आहेत. तो उद्या पुन्हा येऊन दाखवतो म्हणाला आहे, आणि तसल्या गुंड्या गोंदियात कोठेही मिळत नाहीत.