बिबड्यांची सात पानं

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुला लिहायला सोपं जातं. चुका काढणारं कोणी नाही. मी चौथीपर्यंत गेले ते तू आबांशी भांडलीस म्हणून, आणि चौथीनंतर घरी बसले ते आबा तुझ्याशी भांडले म्हणून. तेवढ्या शाळेवर जे जमेल ते लिहिते. अक्षर वाकडं आहे, पण तुला काय, सरळ असतं तरी सारखंच.

तुझ्या पणतीनं, म्हणजे माझ्या नातीनं, पुस्तक लिहिलंय. पुण्याला कंपनीत कामाला आहे, दिवसभर काचेत बघत बसते आणि घरी आल्यावर पुन्हा काचेत बघून हे लिहिलं. प्रेमाची आणि रहस्याची कादंबरी, असं वरच छापलंय, म्हणजे घेणाऱ्यानं नंतर फसवलं म्हणायला नको. सातपुड्याखालचं एक लहान गाव आहे. कापसाच्या जिनिंगमध्ये प्रेत सापडतं. नवा इन्स्पेक्टर येतो, गोरा आणि उंच, आपल्या पोलीस ठाण्यात तसला कधी कोणी पाहिला नाही. आणि एक मुलगी एका सकाळी घरातून नाहीशी होते. प्रेत तिनं आपल्या डोक्यातून काढलं. मुलगी मात्र आपली अक्का आहे, माझी थोरली बहीण. अक्का ज्याच्याबरोबर गेली, त्या तेलाच्या मिलमधल्या फिटरला नातीनं बढती देऊन इन्स्पेक्टर केलं, एवढाच फरक.

तिला कुठून कळलं म्हणशील. मीच बोलले. पोरगी लहान असताना गोवर निघून माझ्याकडे जळगावला पडून होती, अंग खाजवू नये म्हणून मी गोष्टी सांगत बसायची. राजाराणीच्या संपल्या, तेव्हा ही सांगितली. एक गाव होतं, एक बाई होती, तिनं लेकीला बिबड्यांच्या दिवशी, सगळ्या बाया ज्वारीचे पापड थापत असताना, घराबाहेर काढलं. गाव अमळनेर आणि बाई माझी माय, हे सांगितलं नाही. मला वाटलं, ताप उतरला की गोष्टही उतरेल. पोरीनं ती इतकी वर्षं सांभाळली आणि आता दुकानात मांडली.

पुस्तक हातात आलं आणि मला काळजी लागली. अक्काची काळजी नव्हती. ती सुरतला फिटरबरोबर नीट संसार करून, नातवंडं खेळवून गेली. मी दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा तिनं मला उंधियू खाऊ घालून आजारी पाडलं. मला काळजी तुझी होती. गावाला एवढंच माहीत होतं की पोरगी आईच्या नाकाखालून पळाली. आबांनी चार माणसांत म्हटलं, "बाईला घर राखता आलं नाही," आणि तू त्यांच्याच ताटात भात वाढत होतीस. ते म्हणताना तुझा हात थांबला नव्हता. गाफील बाई, एवढंच तुझ्या नावावर लागलं आणि तू ते मरेपर्यंत लावून घेतलंस. आता पुस्तक वाचून कोणी दोन आणि दोन चार केले, तर लोक म्हणणार, गाफील नव्हती, हिनंच परजातीच्या पोराच्या हाती लेक दिली. मेलेल्या बाईला उत्तर देता येत नाही. भाऊ अजून त्याच घरात राहतो, अजून अक्काचं नाव निघालं की ताटावरून उठतो. तो तुझा फोटोसुद्धा भिंतीवरून उतरवील, मला त्याचा स्वभाव माहीत आहे.

म्हणून मी वाचकांची मतं वाचायला लागले. हल्ली पुस्तक वाचलं की लोक फोनवर मत लिहितात, तारे देतात. पाच तारे म्हणजे उत्तम. नात मला रोज मतं पाठवायची आणि मी चष्मा लावून एकेक अक्षर जोडायची. बाकी कोणाला प्रेमाचं पडलं होतं, कोणाला प्रेताचं. मी फक्त "आई" हा शब्द शोधायची. कोणी लिहिलं होतं, आईचं पात्र सगळ्यात जोरदार. मी तेवढ्यावर दिवसभर खूश. दुसऱ्या दिवशी कोणी लिहिलं, मला शेवटपर्यंत आईच खुनी वाटत होती. खुनी! घरात विंचू निघाला तर तू तो सांडशीत धरून गावाबाहेर सोडायला पाठवायचीस. एका बाईनं लिहिलं होतं, नायक दोनशे पानं झाली तरी नायिकेचा हात धरत नाही. आणि पुष्कळांनी लिहिलं होतं, बिबड्यांची सात पानं कंटाळवाणी आहेत, कथा तिथे थांबते, कापून टाका.

ती सात पानं म्हणजे तो दिवस, माय. नातीनं बरोबर लिहिलंय, मी सांगितलं तसं. चैत्र आहे, बिबडे घालायची आपल्या घरची पाळी आहे. ज्वारी भिजवून, वाळवून, दळून झाली आहे आणि पहाटे तू मोठ्या पातेल्यात घाटा शिजत घातला आहेस, लसूण-मिरची-तिळाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत. गल्लीतल्या सगळ्या बाया घरावरच्या धाब्यावर ओळीनं बसल्या आहेत, प्रत्येकीपुढे उपडं ताट आणि ताटावर ओलं फडकं. बिबड्यांच्या दिवशी पुरुष घरात थांबत नाहीत, त्यांना त्या दिवशी चहासुद्धा कोणी विचारत नाही, म्हणून आबा बाहेर. आणि घाटा गरम आहे तोवरच थापता येतो. निवला की हाताखाली फुटतो, मग सगळी ज्वारी गुरांपुढे. म्हणून पातेलं उतरलं की कोणी बाई जागची उठत नाही, पोर रडलं तरी नाही, पाहुणा आला तरी नाही. तू वर्षातून तो एकच दिवस निवडलास, जेव्हा गल्लीतलं एकही माणूस तुझ्या मागच्या दाराशी येणार नाही.

मी खालून पाणी नेत होते. तू मागच्या दारात अक्काच्या कमरेवर रिकामा हंडा ठेवलास, हंड्यात कपड्यांचं गाठोडं, अंगावर तुझं निळं लुगडं. विहिरीवर जाणारी बाई दिसावी अशी. तिनं तुझ्याकडे बघितलं, तू तिला ढकललंस. कडी लावलीस. धुळ्याची एसटी स्टँडवर लागलेली असणार, फिटर धुळ्यात उभा. मी विचारलं, "माय, अक्का कुठं चालली?" तू चुलीवरच्या दुसऱ्या पातेल्यातून घाट्याचा गोळा काढून माझ्या तोंडात कोंबलास. जीभ पोळली. "खा आणि गप बस," म्हणालीस. मी तेव्हापासून गप बसले आहे, फक्त त्या गोवराच्या वेळी सोडून.

तर या चैत्रात मी अमळनेरला गेले. भावजय अजून बिबडे घालते. धाबं गेलं, आता स्लॅबची गच्ची आहे, पण ताटं आणि फडकी तीच. बाया जमल्या. वाचनालयातून आणलेलं नातीचं पुस्तक गल्लीभर फिरून आलेलं होतं, मला ते माहीत नव्हतं. भावजयीची सून थापता थापता फोन बाजूला ठेवून मतं मोठ्यानं वाचायला लागली.

"बिबड्यांची सात पानं, ही कादंबरी आहे की रेसिपीचं पुस्तक? मत लिहिणारी पुण्याची आहे कोणी."

"तिला म्हणा, ये इकडे, एक पातेलं घोट," भावजय म्हणाली. "मग सांग सात पानं जास्त की कमी."

"नायक दोनशे पानं हात धरत नाही म्हणे."

"आमच्यांनी अजून धरला नाही," शेजारची म्हणाली, "आणि माझी तर नातवंडं शाळेत जातात."

गच्ची हसली. मीही हसले, म्हणजे तोंड उघडलं. मग सून म्हणाली, "हे ऐका. आईचं पात्र अजिबात पटत नाही. कोणती आई स्वतःच्या हातानं मुलीला घालवेल आणि दार लावून घेईल?"

"खरंय," भावजय म्हणाली. "प्रेत पटलं मला, पण ती आई नाही पटली. असली बाई आपल्या गावात जन्मली नाही."

माझ्या हाताखालचा बिबडा फाटला. तो गोळा करून पुन्हा थापला, पुन्हा फाटला. भावजय बघून म्हणाली, "वन्सं, हात थकले का? उठा, वहिनीजवळ बसा सावलीत." समोरची वहिनी आठवते ना तुला, त्या वर्षी नवी सून म्हणून आली होती, तू तिला कडेला कठड्याजवळ बसवलं होतंस. त्या दिवशीच्या बायांपैकी ती एकटीच उरली आहे. आता बाजेवर बसून काठीनं कावळे हाकलते. तिला ऐकू येत नाही असं सगळे समजतात आणि तिच्या देखत वाट्टेल ते बोलतात.

बाया दुसरं पातेलं आणायला खाली गेल्या. वहिनी कावळ्यांकडे बघतच म्हणाली, "माले बठ्ठं ऐकू येस." मग म्हणाली, "काबर पटत नही? आमले बठ्ठासले माहीत व्हतं."

सगळ्यांना माहीत होतं? मला वाटलं म्हातारी बरळते. ती पुढे बोलत राहिली. तिची बोली तू ऐकलेलीच आहेस, मी मला लिहिता येतं तसं लिहिते. ती म्हणाली, मी कठड्याजवळ होते, खाली बोळ दिसत होता. तुझी बहीण तुझ्या मायचं निळं लुगडं नेसून निघाली. चाल तिची, लुगडं मायचं. आणि विहीर डावीकडे, ही वळली उजवीकडे, स्टँडच्या बाजूला. मी शेजारणीला कोपर मारलं. तिनं बघितलं, तिनं पुढचीला कोपर मारलं. अशी ओळ संपेपर्यंत कोपरं गेली. तोवर तुझी माय वर येऊन पातेल्याशी आमच्याकडे पाठ करून बसलेली, घाटा घोटते आणि पाठ नुसती थरथरते. कोणी उठली नाही. सगळ्यात म्हातारी होती ती नुसती म्हणाली, "खाली बघा, फुटतील." आम्ही खाली बघितलं. संध्याकाळी तुझे आबा दारोदार विचारत आले, कोणी पाहिलं का. आम्ही म्हटलं, दादा, हातात गरम घाटा, वर मान कोण करणार?

मी विचारलं, "मग मायला कधी सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर ती घाबरून मेली असती," वहिनी म्हणाली. "तिला वाटू दिलं, तिनं एकटीनं केलं."

मग काठी आपटून म्हणाली, "तुझ्या नातीनं पुस्तक चांगलं लिहिलं. पण शेजारणींना आंधळ्या केलं. तेवढं दुरुस्त कर म्हणावं."

माय, म्हणून हा कागद. तुला हे कुठून कळणार होतं? तू पुढची सगळी वर्षं त्या बायांच्या पाळीला जाऊन खाली मान घालून थापत राहिलीस, कोणी वर बघितलं की तुझा हात थांबायचा. मी पाहिलंय. आणि त्या तुझ्याकडे बघत नव्हत्या ते तुला सोपं जावं म्हणून. गाफील बाई असं आबा म्हणाले, गल्ली नाही म्हणाली. मी आठवून बघितलं, खरंच एकाही बाईच्या तोंडून मी ते ऐकलेलं नाही. माझ्या छातीवरचा पाटा कोणी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. त्या दिवशी मी उरलेले बिबडे एकही न फाडता थापले, भावजयीला वाटलं सावलीत बसल्यामुळे.

तिला आणि भावाला मी काही बोलले नाही. बोलायची गरज उरली नाही. भावजयीला असली बाई पटत नाही, तर न पटू दे. तिच्या घरात तुझा फोटो आहे, हार रोज तीच घालते.

नातीला मात्र फोन करून सांगितलं, अमळनेरच्या एका जुन्या वाचकाचं मत आहे, शेजारणींना सगळं दिसलेलं असतं. ती म्हणाली, "आज्जी, मग रहस्य कुठं राहिलं?" मी म्हटलं, नसू दे. ती म्हणाली, पुढच्या छपाईत बघू. सात पानं कापणार आहेस का विचारलं. म्हणाली, "छे, ती माझी आवडती आहेत." मग तिनं विचारलं, "तुझं मत काय? तू सगळ्यांची सांगतेस, स्वतःचं नाही सांगितलंस. पूर्ण वाचलंस ना?"

वाचलं म्हटलं. पाच तारे म्हटलं.

नाही वाचलं, माय. शेवटची पन्नासेक पानं तशीच आहेत, कोरी करकरीत. ज्यांनी ज्यांनी मत दिलंय ते सगळे लिहितात की शेवटी ती आई मरते, आणि फार छान मरते, डोळ्यांतून पाणी काढते. असेल. मी तुला एकदा गेलेली पाहिलंय, मला पुस्तकातलं नको. मी जिथे तू कडी लावून धाब्यावर चढतेस त्या पानापर्यंत येते आणि पुस्तक मिटते. तू पुन्हा पातेल्याशी बसलेली असतेस. तेवढं मला पुरतं.