आबांचा कॉम्प्युटर बंद का पडतो, त्याबद्दल

कोपरी, शुक्रवार

ती. अनिमेषदादांना यज्ञेशचा नमस्कार.

तुमची पाठ कशी आहे? वहिनींनाही नमस्कार सांगा. आम्ही खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. मी खुशाल नाही. फोन केला असता, पण या घरात फोनवर बोललेलं आबांना लगेच ऐकू जातं (टीव्ही मात्र ऐकू येत नाही). आमच्या दिवा स्टेशनजवळच्या घरी पाणी येईना म्हणून मेघाली आणि मी महिनाभर तुमच्या वडिलांकडे राहतोय. त्या उपकाराची मी काय फेड केली, ते वाचा.

आबा मिठागरांच्या आठवणी टाइप करतात, हे तुम्हाला माहीतच आहे. हात थरथरतो, माउस धड धरता येत नाही, कॉम्प्युटर बंद करताना जीव मेटाकुटीला येतो. म्हटलं, आपण शॉर्टकट करून देऊ: चार आकडे दाबले की लिहिलेलं सेव्ह आणि मशीन बंद. सेटिंगमध्ये दोन मिनिटांत जमलं असतं. पण मी पडलो कर्नलवाला! (कर्नल म्हणजे मशीनचा अगदी आतला गाभा, कुठलीही कळ दाबा, पहिली खबर तिथे पोचते.) जावयाची हौस, दुसरं काय. थेट तिथेच कोड घुसवला. आकडे असे हवेत की चुकूनही कोणी दाबणार नाही, म्हणून आमच्या लग्नाची तारीख घातली, सतरा-बारा. रविवारी आबांच्या वाढदिवसाला सांगणार होतो.

काल सकाळी आबा पासवर्ड टाकायला बसले. चार टकटक, आणि पडदा काळा. पुन्हा चालू, पुन्हा चार, पुन्हा काळा. अहो दादा, लेकीच्या लग्नाची तारीख बापालाही पाठ असते आणि त्यांनी पासवर्डही तोच ठेवला असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही! कर्नलला काय, पासवर्ड असो की पुस्तक, ते आकडे आले की बंद.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चहा पीत बसलो. आबांनी अकरा वेळा केलं, दर वेळी आधीपेक्षा हळू. मग चष्मा काढून म्हणाले, "मना आता पासवर्डपन आठवत नाय. डोका गेला माजा." कीबोर्डवर टॉवेल टाकला. आज एक ओळ लिहिली नाही, जेवलेही अर्धंच. मेघालीने डॉक्टरांची वेळ घेतलीय, तीही मेंदूच्या! मला भयंकर लाज वाटतेय.

मोठ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
यज्ञेश

ता. क. मुद्दा राहिलाच. रविवारी आबांना डोंबिवलीला जेवायला बोलवा आणि चार तास सोडू नका. मी पेनड्राइव्ह लावून कोड काढतो. काम दहा मिनिटांचं आहे (बाकीचा वेळ घाबरायला). मग सांगा, मशीनच बिघडलं होतं.

ता. क. २. पाकीट दारातल्या टेबलावर ठेवतोय. सगुणाआत्या संध्याकाळी तुमच्याकडे येताना आणेल. आबांना यातलं अक्षरही कळता कामा नये.

(खाली वेगळ्या शाईत, थरथरत्या अक्षरात)

अनिमेष, पाकीट मी उघडलं. डोकं शाबूत आहे हे वाचून आधी देवाला हात जोडले, मग पोटभर जेवलो. रविवारी येतो, चार तास बसतो. जावईबापूंना काही बोलू नकोस. आधीच घाबरलेत, धसक्याने कोड काढताना आणखी काहीतरी घालून ठेवतील.

– आबा